खुलभर दूध : बालमनावर ईश्वरप्रेमाचा संस्कार

श्रीक्षेत्री दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकांमध्ये लहान मुलांची संख्या नेहमीच मोठी असते. कोणी वडिलांच्या खांद्यावर, कोणी आजीचा पदर धरून, तर कोणी आईच्या कडेवर झोपी गेलेले. रांग हळूहळू पुढे सरकते. मूल कंटाळते, पाणी मागते, खाली बसकण मारते आणि शेवटी रडू लागते. अशा वेळी त्याला गप्प करण्यासाठी मोठ्यांच्या तोंडी सहज एक वाक्य येते : ‘रडू नकोस, देवबाप्पा रागावेल.’ घरीही हेच चालते. खोटे बोललास तर देव शिक्षा करील, ताटात अन्न टाकलेस तर देव पुन्हा देणार नाही, पाय लागला तर पाप लागेल. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पोर वळणावर यावे एवढीच त्याची इच्छा असते. परंतु ज्याने देव अजून पाहिलेला नाही, त्याला देवाची पहिली ओळख कोणती करून दिली जाते? तर सतत नजर ठेवणारा आणि चुकेल त्याला दंड करणारा कोणी एक. असे मूल मोठे होते, शिकते, धीट होते. आपण चुकलो तरी आकाशातून दगड पडत नाही, हे एके दिवशी त्याच्या ध्यानात येते आणि भीतीपोटी जोडलेले हात सुटतात. वीस-बावीस वर्षांची मुले देवळाच्या पायऱ्यांपाशी थांबतात, ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतात, तेव्हा आईवडील कळवळतात. त्या कळवळ्याचे मूळ पुष्कळदा बालपणातील त्या एका वाक्यात असते.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने देवाला माउली म्हटले आहे. पंढरीचा पांडुरंग हा रूपाने पुरुष, पण वारकऱ्यांची ती विठाई. ज्ञानेश्वर महाराजांनाही सगळे माउली म्हणूनच हाक मारतात. लहान मुलाला ब्रह्म कळणार नाही, माया कळणार नाही, पण आई कळते. ती रागावते आणि लगेच पोटाशी धरते, स्वतः उपाशी राहून घास भरवते, रात्री तापात कपाळावर हात ठेवून बसते. देवाविषयी मुलाला काही सांगावयाचे असेल तर येथून आरंभ करावा. संतांनी तो तेथूनच केला आहे.

संत नामदेवांच्या बालपणीची कथा घराघरांत सांगितली जाते. महिपतींनी शके १६८४ मध्ये, म्हणजे इ.स. १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या ग्रंथातही ती आली आहे. वडील दामाशेटी बाहेरगावी गेलेले. विठ्ठलाला नैवेद्य नेण्याचे रोजचे काम गोणाईने लहानग्या नामदेवावर सोपविले. नैवेद्य दाखवायचा असतो, देवाने जेवायचे नसते, हे त्या बाळाला कोणी सांगितलेच नव्हते. त्याने ताट समोर ठेवले आणि देव जेवत नाही म्हणून तो कासावीस झाला. आपलेच काही चुकले असावे या विचाराने तो रडू लागला, हट्टाला पेटला, अखेर पायरीवर डोके आपटून घेण्यास निघाला. तेव्हा विठ्ठल जेवला. रिकामे ताट घेऊन मूल घरी आले तर आईचा विश्वास बसेना! या कथेत मुलाच्या मनात कोठेही भय नाही. समोरचा भुकेला आहे, त्याला जेवू घातले पाहिजे, इतकेच त्याला ठाऊक आहे. त्याला दिलेली शिकवणसुद्धा शब्दांची नव्हती. हाती ताट देऊन त्याला पाठविले, एवढेच.

हाती ताट देऊन पाठविण्याची ही रीत आपल्या सणावारांनी वर्षाच्या बारा महिन्यांत विणून ठेवलेली आहे. ऋतू पालटला की घरातले काम पालटते, स्वयंपाक पालटतो, देवापुढे ठेवायची वस्तू पालटते. प्रत्येक वेळी लहान हातांना करता येईल असे काहीतरी त्यात असते. आज ते काम मुलांच्या हातून काढून घेतले जाते, कारण मुले सांडतात, उशीर करतात, नीट करीत नाहीत. पूजा वेळेवर आटोपते, पण मूल बाजूला बसून पाहणारे होते.

चैत्र पाडव्याला गुढी उभारताना कडुलिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी एकाच काठीला बांधली जाते. कडुलिंबाची कोवळी पाने, गूळ, हरभऱ्याची डाळ, जिरे, हिंग, मीठ असे वाटून केलेली चटणी मुलाच्या जिभेवर ठेवली की ते तोंड वेडेवाकडे करते. करू द्यावे. हसूही द्यावे. गाठी मात्र त्याने आधी धाकट्या भावंडाला द्यावी आणि मग आपण घ्यावी. पुढे चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. उन्हाने आलेल्या प्रत्येकाला कैरीचे पन्हे, आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे द्यायचे. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला मातीचा घडा दान करण्याचा प्रघात आहे. या दिवसांत अंगणात वा गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचे परळ ठेवणे आणि ते रोज सकाळी भरणे, हे पाच वर्षांच्या मुलालाही जमते. दुपारी एखादी चिमणी त्यात चोच बुडवते तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याचे स्पष्टीकरण देत बसू नये.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी पंढरीकडे निघते. वाटेवरच्या गावांत दिंड्यांना भाकरी, पाणी, सावली देण्यासाठी घरेच्या घरे रस्त्यावर येतात. ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनी एखादा दिवस तरी मुलांना त्या वाटेवर न्यावे. वारकऱ्यांमध्ये भेट झाली की एकमेकांच्या पाया पडण्याची चाल आहे आणि त्यात वयाचा विचार नसतो. पांढऱ्या दाढीचा वृद्ध सात वर्षांच्या मुलाच्या पायाला हात लावतो आणि त्याला ‘माउली’ म्हणतो. मूल गोंधळते, आईच्या मागे लपते. आपल्या पायाला हात लावण्यासारखे आपल्यात काय आहे, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हाच पेरला जातो. देव सर्वांभूती आहे या विषयावरचे तासाभराचे प्रवचन जे करीत नाही, ते त्या वाकलेल्या पाठीने होते.

मग श्रावण येतो, आणि मुलांना देवाचे प्रेम दाखविण्यासाठी याहून समृद्ध महिना नाही. नागपंचमीला घरात काही चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही. शेतात नांगर घालायचा नाही, जमीन खणायची नाही. मातीखाली कोणी राहते आणि आज त्याला धक्का लागू नये, हा त्याचा भाव. उकडलेली पुरणाची दिंडे मुलांना आवडतात, त्यांच्यासोबत हा भावही पोटात जातो. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, माशांच्या विणीच्या काळात दर्याला विसावा द्यायचा आणि मग त्याची विनवणी करून पुन्हा आत शिरायचे, ही पूर्वापार रीत. सोमवारी शिवामूठ असते. नव्याने लग्न झालेल्या मुली पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव अशी एकेक मूठ शंकराला वाहतात. मूठ भरण्याचे हे काम घरातल्या लहानांनाही द्यावे. त्यांची मूठ ती केवढी!

या सोमवारांची जी कहाणी वडीलधाऱ्या स्त्रिया हातात अक्षता देऊन सांगत आल्या, ती खुलभर दुधाची कहाणी. आटपाट नगरातील राजाच्या मनात आले की, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. त्याने नगरात दवंडी पिटविली : सोमवारी प्रत्येकाने घरातले सगळे दूध देवळात आणून घालावे. राजाज्ञेच्या धाकाने लोकांनी थेंबही मागे ठेवला नाही. वासरांना पाजले नाही, मुलांना दिले नाही. घागरीच्या घागरी रित्या झाल्या, तरी गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरातले काम आवरले होते, लेकरांना खाऊपिऊ घातले होते, सुनांना जेवू घातले होते, गाईवासरांना तृप्त केले होते. उरलेले खुलभर दूध, चार फुले, थोडे गंध-अक्षता घेऊन ती देवळात आली. तिने मनोभावे पूजा केली, ते दूध घातले आणि परत फिरली. गाभारा काठोकाठ भरला. गुरवाने राजाला कळविले, पण कोणामुळे भरला याचा पत्ता लागेना. दुसऱ्या सोमवारी शिपाई बसविला, तरी उलगडा झाला नाही. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः येऊन बसला आणि त्याने म्हातारीला गाठले. ती भ्याली. राजाने अभय दिले तेव्हा तिने कारण सांगितले : तुझ्या आज्ञेने घरोघरची वासरे आणि बाळे तळमळली, ते देवाला आवडले नाही, म्हणून गाभारा भरला नाही.

दान करणाऱ्या भाविकांनी ही कहाणी आपल्या मुलांना देवळातच, गाभाऱ्याकडे पाहत सांगावी. कोणत्याही देवस्थानाचा नित्याचा पूजापाठ, दिवाबत्ती, अन्नदान हे भक्तांच्या उदार हातांवरच चालते, आणि कहाणीतल्या राजाचेही देणे म्हणून काही वावगे नव्हते. बिघडले ते दूध जेथून काढून आणले गेले तेथे. मुले फार बारकाईने पाहत असतात. वडिलांनी अभिषेकाची मोठी पावती फाडली, ती खिशात घातली आणि पायरीवरच्या म्हाताऱ्या फूलवालीशी दोन रुपयांवरून वाद घातला, तर मुलाच्या मनात त्या दिवशी पावती उरत नाही, वाद उरतो. घरी कामाला येणाऱ्या बाईचा पगार थकवून केलेला सत्यनारायण मुलांच्या नजरेतून सुटत नाही. याउलट, निघण्यापूर्वी गोठ्यातल्या जनावराला वैरण टाकली की नाही हे पाहणारी आजी, शेजारच्या आजाऱ्याकडे डबा पोचवून मग देवाला निघणारी आई, यांच्याकडे पाहून कहाणीतली म्हातारी कोण हे मुलांना सांगावे लागत नाही.

याच महिन्यात पारिजात, जाई, तेरडा, गुलबक्षी अंगणात फुललेली असतात आणि मुले परड्या घेऊन हिंडतात. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यात मुक्या फुलांचा प्रसंग आहे. जास्त फुले आपल्यालाच मिळावीत म्हणून श्याम आणि इतर मुले उमलण्याआधीच कळ्या तोडून आणू लागतात आणि त्याची आई त्याला थांबविते. कळीने झाडावर फुलावे, मग तिला देवाकडे न्यावे, असा तिचा आग्रह. कळ्या देवासाठीच तोडल्या होत्या ना? तरीही तिला ते रुचले नाही. देवाचे नाव घेऊन केलेली ओरबाड ही ओरबाडच असते, हे त्या माउलीने मुलाला फुलांच्या भाषेत शिकविले. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या मोडून आणणाऱ्यांना याची आठवण राहिली तर बरे.

श्रावण अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी सायंकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, कारण वर्षभर जू त्याच खांद्यांवर होते. सणाच्या दिवशी त्यांना जुंपायचे नाही, चाबूक उगारायचा नाही, आणि पुरणपोळी माणसांआधी त्यांच्या मुखी द्यायची. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून मिरवितात आणि घरोघर त्यांना खाऊ मिळतो. ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ घरांच्या दावणी रिकाम्या झाल्या. शहरातल्या मुलाने तर बैलाचा खांदा पाहिलेलाही नसतो. तेथे मातीचे बैल पुजावे, पण मुलाला एवढे अवश्य विचारावे : आपल्या घरासाठी वर्षभर कोणाच्या खांद्यावर ओझे असते? उत्तर येते ते कधी आईचे, कधी रोज पहाटे दूध टाकणाऱ्या दादाचे, कधी इमारतीच्या राखणदार काकांचे. त्या दिवशी त्या व्यक्तीला पुरणपोळीचे ताट मुलाच्या हातून जावे.

भाद्रपदात गणराय येतात. या उत्सवात मुलांना काही शिकवावे लागत नाही, त्यांना आवरावे लागते. शाडूच्या मातीचा लहानसा गणपती घरीच घडविला, त्याची सोंड वाकडी झाली, एक कान मोठा झाला, तरी त्याचीच प्रतिष्ठापना करणारी काही घरे आहेत. त्या मुलांचे त्या मूर्तीशी जडलेले नाते विकतच्या मूर्तीशी जडत नाही. गोव्यात देवावर माटोळी बांधतात. रानातली फळे, वेली, कंद, सुपारीचे घोस हे सर्व आणण्यासाठी घरातले मोठे लोक मुलांना घेऊन रानात जातात, आणि कोणते फळ कोणत्या झाडाचे हे मुलांना तेथेच कळते. काही घरी गौरी खड्यांच्या असतात. मुली नदीवर किंवा विहिरीवर जाऊन मोजके खडे निवडतात आणि मुक्यानेच घरी आणतात. पाण्याकाठचा दगड घरात येताना देवी होऊन येतो, हे मुलीच्या तळहाताला जाणवते.

आणि मग विसर्जनाचा दिवस. पाच-सहा वर्षांचे मूल ओक्साबोक्शी रडते. ‘बाप्पाला पाण्यात नका सोडू,’ म्हणून मूर्तीला मिठी मारते. मोठी माणसे हसतात, समजूत काढतात, मोबाइलवर चित्रण करतात. खरे तर सबंध उत्सवात देवाशी इतके खरे बोललेले दुसरे कोणीच नसते. त्या रडण्याला थट्टेने झाकू नये. मातीतून आलेला देव मातीत जातो आणि पुढच्या वर्षी त्याच मातीतून येतो, हे त्याला सावकाश सांगावे. पाटावर नदीकाठची मूठभर वाळू घेऊन घरी परतायचे असते, ती मूठ त्याच्याच हाती द्यावी. घरी आल्यावर रिकाम्या चौरंगावर ती वाळू ठेवून दिवा लावावा. ज्या वर्षी मूल रडत नाही, त्या वर्षी ते मोठे झाले असे घरचे म्हणतात. तसे म्हणताना थोडे थांबावे.

विसर्जनानंतर पितृपक्ष लागतो. उत्सवांच्या पुस्तिकांमध्ये या पंधरवड्याविषयी सहसा लिहीत नाहीत, पण मुलाच्या मनातला देव ज्या प्रश्नावर उभा राहतो किंवा कोसळतो, तो प्रश्न येथेच भेटतो. एखाद्या घरी आजी गेलेली असते. तीच मुलांना रोज सांजवेळी देवापाशी बसवीत असे, तिच्याच तोंडून कहाण्या ऐकलेल्या असतात. ती आजारी असताना मुलाने देवाजवळ मागणेही मागितलेले असते. आणि तरीही ती गेली. वर्षभर घरात सण झालेला नाही, गुढी उभारलेली नाही, दिवाळीचा आकाशकंदील लागलेला नाही. मग ते मूल एखाद्या रात्री विचारते : ‘आपण देवाला आवडत नाही का?’

या प्रश्नाला घाईने उत्तर देणाऱ्यांच्या हातून मोठी चूक होते. ‘देवाला चांगली माणसे हवी असतात, म्हणून त्याने आजीला नेले,’ असे सांगितले तर मूल अशा देवाला घाबरेल, कारण तो आता आईलाही नेऊ शकतो. ‘तू नीट प्रार्थना केली नाहीस,’ असे तर चुकूनही म्हणू नये. ते ओझे बालकाला जन्मभर उतरविता येत नाही. वडिलांनी त्याला जवळ घ्यावे आणि हे आपल्यालाही ठाऊक नाही, असे खरे सांगावे. वडील देवाविषयी एखादी गोष्ट न कळल्याचे मान्य करतात आणि तरीही सकाळी देवापुढे दिवा लावतात, हे त्याला पाहू द्यावे. आळंदीची चार भावंडे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई लहानपणीच आईबापांना पारखी झाली होती, समाजाने त्यांना वाळीत टाकले होते. त्या ज्ञानदेवांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण केली तेव्हा अखेरीस देवापाशी मागितले ते साऱ्या विश्वासाठी, दुष्टांच्याही भल्यासाठी. हे कोठून आले, याचे उत्तर थोरामोठ्यांनाही सोपे नाही. परंतु ज्यांनी सर्वाधिक गमावले त्यांनीही देवाला निष्ठुर म्हटले नाही, एवढे मुलाला सांगता येते.

वर्षश्राद्ध झाल्यावर येणाऱ्या पितृपक्षात त्या तिथीला पान वाढायचे असते. खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि गेलेल्या माणसाला आवडणारा एखादा पदार्थ. तो कोणता, हे मुलालाच विचारावे. आईला जे आठवत नाही ते त्याला नेमके आठवते : आजी साय काढलेल्या दुधाचा चहा प्यायची, वाटाण्याची उसळ तिला फार आवडायची. मग तीच उसळ होते. कावळ्यासाठी गच्चीवर घास ठेवला जातो. कावळा कधी लगेच येतो, कधी अर्धा तास येत नाही, आणि सगळे घर उन्हात उभे राहून आकाशाकडे पाहत राहते. मुलाचा हात त्या वेळी कोणाच्या तरी हातात असावा. आजीवरचे प्रेम संपलेले नाही, ते अजून या घरात शिजते आहे आणि वाढले जाते आहे, हे त्याला तेथे उभ्याउभ्या कळते. देवाच्या प्रेमाकडे जाणारी वाट पुष्कळांना याच गच्चीवर सापडलेली आहे.

आश्विनातील घटस्थापनेला मात्र लगेच नवी पेरणी येते. पत्रावळीवर माती पसरून सात किंवा नऊ धान्ये पेरायची, मध्ये घट ठेवायचा आणि रोज हलक्या हाताने पाणी घालायचे. हे पाणी मुलांनी घालावे. जास्त घातले तर बी कुजते, विसरले तर सुकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे कोंब वर येतात आणि सकाळी उठल्याबरोबर मुले आधी देवघराकडे धावतात. दसऱ्याला गावाकडची माणसे तीच पोपटी रोपे टोपीत खोवून सीमोल्लंघनाला निघतात. माती, पाणी आणि बीज मुलाने घातले, पण कोंब त्याने ओढून काढला नाही. तो कोणी वर आणला, हा प्रश्न मुलेच विचारतात.

दिवाळीचा आरंभ आश्विन वद्य द्वादशीच्या वसुबारसेने होतो. फराळ, फटाके, किल्ला या गडबडीत हा दिवस शहरांतून निसटत चालला आहे आणि तो परत आणण्यासारखा आहे. सायंकाळी सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गाईची पूजा करतात. गाय एकटी पुजायची नाही, वासरू तिच्याजवळ हवेच. अनेक घरी त्या दिवशी गाईचे दूध, दही, तूप वर्ज्य असते, कारण आजचे दूध वासराचे. श्रावणातल्या कहाणीतील राजाने जी चूक केली, ती वर्षातून एक दिवस तरी साऱ्या समाजाने सुधारावी अशीच जणू ही योजना. मुलांचा त्या दिवशीचा दुधाचा पेला रिकामा ठेवावा आणि कारण सांगावे. त्यांना ती कहाणी लगेच आठवते. काही मुले तर आपण होऊन उद्याचेही दूध नको म्हणतात, तेव्हा त्यांना म्हातारीने लेकरांनाही आधी पाजले होते याची आठवण द्यावी!

पौषात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते. वांगी, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, शेंगदाणे, जे शेतात असेल ते सगळे एका कढईत, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. दुसऱ्या दिवशी तिळगुळाची पुडी घेऊन मुलांनी आधी कोणाकडे जावे? ज्याच्याशी शाळेत भांडण झाले त्याच्याकडे. हे सर्वांत अवघड काम आहे, मोठ्यांनाही ते सहसा साधत नाही, म्हणून वडिलांनी त्याच दिवशी स्वतःच्या अबोल्याच्या भावाकडेही एक पुडी घेऊन जावे आणि मुलाला बरोबर न्यावे.

आज कित्येक कुटुंबे दोन खोल्यांच्या घरात, परगावी किंवा परदेशी राहतात. कडुलिंब मिळत नाही, गाय दिसत नाही, नदीवर जाता येत नाही, आईवडील दोघेही संध्याकाळी उशिरा परततात. सगळे सण साग्रसंगीत व्हावेत असा आग्रह धरून घरात चिडचिड वाढवू नये. मुलाला त्या सणातून आईचा त्रासलेला चेहराच आठवत राहील. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्तीने दिलेले पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच पुरेसे मानले आहे. एका ऋतूत एकच गोष्ट करावी, पण ती मुलाच्या हातून व्हावी आणि त्या वेळी घरातले कोणी घड्याळाकडे पाहू नये.

श्रीक्षेत्री आलेल्या कुटुंबांनी आजच्या दिवशीही हे करून पाहावे. रांगेत मूल कंटाळले तर त्याला देवाच्या रागाची भीती न घालता खुलभर दुधाची कहाणी सांगावी, ती सांगून होईपर्यंत रांग बरीच पुढे सरकते. हार वडिलांनी नेला तरी एक सुटे फूल मुलाच्या मुठीत असावे, चुरगळले तरी चालेल. दानपेटीत त्याने त्याच्या खाऊच्या पैशातील नाणे टाकावे, वडिलांनी दिलेली नोट नव्हे. जेथे अन्नछत्र असेल तेथे जेवून उठल्यावर, व्यवस्थापकांच्या अनुमतीने, त्याने एका पंगतीला पाण्याचा तांब्या फिरवावा. आणि परत निघताना प्रसादाची पुडी मोठ्यांच्या पिशवीत न जाता त्याच्या हाती राहावी. घरी पोचल्यावर जिना चढण्याआधी, ज्यांना गुडघ्यांमुळे आता देवाला येणे होत नाही अशा शेजारच्या आजींच्या दाराची घंटा त्यानेच वाजवावी.